वीज वाचवणारी डबी आणि इतर दावे : तथ्य पारखण्याची रीत

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नावाने केले जाणारे फसवे दावे क्वचितच निखालस खोटे असतात. बहुतेकांच्या मुळाशी एखादी खरी गोष्ट असते. ती तिच्या जागेवरून उचलून भलत्या ठिकाणी चिकटवलेली असते. त्यामुळे दावा पारखताना ‘हे खरे की खोटे’ एवढे विचारून भागत नाही. हे कुठे खरे आहे, किती प्रमाणात आणि कोणत्या परिस्थितीत, हे विचारावे लागते. दादरा आणि नगर हवेलीतले सिल्वासा या दृष्टीने नमुनेदार शहर आहे, कारण इथे एकच वस्तू कारखान्याच्या फाटकाच्या आत पैसे वाचवते आणि फाटकाबाहेरच्या चाळीत पैसे खाते.

ती वस्तू म्हणजे कपॅसिटर. मसाट, पिपरिया, आमली, राखोली या भागांत धागा, प्लास्टिक, केबल असे उद्योग आहेत. तिथल्या मोटारी वीजवाहिनीतून दोन प्रकारचा भार घेतात. एक प्रत्यक्ष काम करतो, यंत्र फिरवतो. दुसरा मोटारीतले चुंबकीय क्षेत्र उभारण्यापुरता येतो आणि परत जातो. त्याने काम होत नाही, पण तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यावर ओझे पडतेच. एकूण भारात कामाचा भार किती, हे दाखवणाऱ्या आकड्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. १०० किलोवॉट भाराच्या कारखान्याचा पॉवर फॅक्टर ०.७५ असेल, तर त्याच्यासाठी सुमारे १३३ केव्हीए इतक्या एकूण भाराची तजवीज करावी लागते, तो ०.९८ वर आणला तर १०२ केव्हीएत भागते. मोठ्या औद्योगिक ग्राहकाच्या बिलात या केव्हीएचा हिशेब असतो. म्हणून कारखान्यात पॅनेलशेजारी हा दुसरा भार जागेवरच पुरवणारी कपॅसिटर बँक बसवतात आणि बिल खरोखर उतरते. यात शंका घेण्यासारखे काहीही नाही.

हेच तत्त्व सांगत घरगुती ग्राहकाला प्लगात बसणारी ‘वीज बचत’ डबी विकली जाते. बिल ३०-४० टक्क्यांनी कमी होईल, असे खोक्यावर छापलेले असते. डबी उघडली तर आत बहुधा एक छोटा कपॅसिटर, दोन-तीन एलईडी आणि ते पेटवण्यापुरते सर्किट एवढेच सापडते. घरगुती मीटर किलोवॉट-तास मोजतो, म्हणजे फक्त कामाचा भार. जो भार मीटर मोजतच नाही, तो कमी करून बिलात फरक पडण्याचा प्रश्नच येत नाही. उलट ते एलईडी पेटते ठेवायला थोडी वीज जातेच, आणि हलक्या प्रतीचा कपॅसिटर तापून धोका निर्माण करू शकतो.

तरीही विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहणाऱ्याला पटते, आणि ते का पटते हे समजून घेण्यासारखे आहे. तो पंखा सुरू करतो, वायरीभोवती टाँग टेस्टर लावतो आणि अँपिअरचा आकडा दाखवतो. मग डबी खोचतो, आकडा उतरतो. यात हातचलाखी नाही. अँपिअर खरोखरच कमी झालेले असतात, कारण पंख्याच्या मोटारीला लागणारा बिनकामाचा प्रवाह आता डबीतला कपॅसिटर पुरवतो. पण बिल अँपिअरवर येत नाही. वॉट जिथल्या तिथेच राहतात, आणि वॉट दाखवणारे मीटर विक्रेता कधी आणत नाही. दाखवलेला आकडा खरा, पण विचारलेल्या प्रश्नाचा तो आकडाच नव्हे.

याची शहानिशा घरच्या मीटरवर फुकटात होते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि त्याच्याजवळ, उदाहरणार्थ, ३२०० इम्पल्स प्रति किलोवॉट-तास असे लिहिलेले असते. म्हणजे एक युनिट खर्च झाले की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातले सर्व काही, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा, बंद करून फक्त एक ७५ वॉटचा पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवला तर तासाला २४० वेळा, म्हणजे दर १५ सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकला पाहिजे. २० वेळा लुकलुकायला सुमारे ५ मिनिटे लागतात. हा वेळ आधी डबीशिवाय आणि मग डबी लावून मोजावा. डबी ३० टक्के वीज वाचवत असेल, तर ५ मिनिटांची ७ मिनिटे झाली पाहिजेत. ती होत नाहीत. वेळ मोजणाऱ्याला डबी लावली आहे की काढली आहे हे न सांगता, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ती काढ-घाल केली, तर हीच चाचणी आणखी पक्की होते. आशा असली की डोळे आणि घड्याळ दोन्ही थोडे झुकतात, प्रामाणिक माणसाचेसुद्धा.

मोजणाऱ्याला उत्तर आधी कळू न देण्याची ही पद्धत विज्ञानातली फार मोलाची शिस्त आहे. तिचा महाराष्ट्रातला लक्षात ठेवण्याजोगा वापर २००८ साली पुण्यात झाला. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या जन्मपत्रिका गोळा केल्या. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी यश निम्म्याच्याही खाली राहिले. नाणे उडवून इतपत उत्तरे कुणालाही देता आली असती. या प्रयोगाचे मोल असे, की त्यात कुणाची टर उडवली नव्हती. कोणती गोष्ट घडली म्हणजे दावा खरा मानायचा, हे आधी ठरवले आणि मग मोजले. कोणत्याही यंत्राच्या, औषधाच्या किंवा उपचाराच्या दाव्याला हाच न्याय लावता येतो.

जागा बदलली की सत्य बदलते, याचे दुसरे उदाहरण हवेचे. टेबलावर ठेवायचा ‘मिनी एसी’ म्हणून विकला जाणारा प्लास्टिकचा डबा हा प्रत्यक्षात छोटा कूलर असतो. आत पाणी, ओली जाळी आणि पंखा. कॉम्प्रेसर नसतो, त्यामुळे खोलीतली उष्णता बाहेर टाकण्याची सोयही नसते. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, यावर त्याचे सारे काम चालते. आणि हवा आधीच दमट असेल तर वाफ फारशी होत नाही. नागपुरात मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर हवा २७ अंशांच्या आसपास आणू शकतो. समुद्रापासून फार दूर नसलेल्या सिल्वाशात पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा कोणताही कूलर हवा सुमारे २८ अंशांच्या खाली नेऊ शकत नाही. तो निसर्गनियमच आहे. त्यावर कंपनीचा इलाज चालत नाही. शिवाय खोलीतला दमटपणा वाढून घाम वाळेनासा होतो तो वेगळाच. विदर्भातल्या नातेवाइकाने मनापासून शिफारस केलेला कूलर इथे निराशा करतो, तेव्हा नातेवाईक खोटे बोललेला नसतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र प्रात्यक्षिकच दिशाभूल करते. आरओ यंत्राचा विक्रेता दोन पेले ठेवतो, एकात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. नळाचे पाणी मिनिटाभरात तपकिरी, गढूळ होते. यंत्राचे जवळजवळ स्वच्छ राहते. पाहणारी आई घाबरते. पण तो तपकिरी गाळ पाण्यात नव्हताच. तो कांडीतल्या लोखंडाचा आहे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून लोखंड झिजते, आणि क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून ती फारशी वाहत नाही म्हणून झिजत नाही. याने पाण्यात क्षार आहेत एवढेच कळते. रोगजंतू, कीटकनाशके किंवा शिसे यांच्याबद्दल काहीही कळत नाही. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटरसुद्धा तेवढेच सांगतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या एकूण क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. पाणी खारे असेल, त्यात फ्लोराइड किंवा आर्सेनिक असेल, तर आरओ उपयोगाचे, किंबहुना गरजेचे. क्षार मुळात कमी असतील, तर आरओ नको त्या कामाला जुंपले जाते, आणि शुद्ध केलेल्या प्रत्येक लिटरमागे त्याहून जास्त पाणी गटारात सोडते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० मिलिग्रॅमच्या आत क्षार असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले, ते याच कारणाने. नदी-धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कूपनलिकेपेक्षा कमी असतात. तिथे खरा धोका पावसाळ्यातल्या गाळाचा आणि जंतूंचा. त्याला गाळणे, उकळणे, क्लोरिन किंवा अतिनील किरणांचे यंत्र पुरते. म्हणून क्रम असा हवा : आधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यायचे, मग यंत्र निवडायचे. विक्रेता हा क्रम उलटा करू पाहतो.

तांब्याच्या भांड्यातले पाणी हा दावा जरा निराळा आहे, कारण त्यातला एक तुकडा पक्का आहे. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले अतिसार घडवणारे जंतू मरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यासाठी तास-दोन तास नव्हे, सोळा तासांसारखा दीर्घ अवधी लागला. तेच पाणी थायरॉइड, सांधेदुखी, वजन आणि कर्करोग यांवर गुणकारी असल्याचे जे सांगितले जाते, त्याला असा आधार नाही. मोठ्या दाव्याचे असे तुकडे करून प्रत्येकाचा पुरावा वेगळा मागावा. एक तुकडा खरा निघाला म्हणून बाकीचे फुकटात आत येऊ देऊ नयेत.

आकड्यांचे दावे पारखायला पाचवी-सहावीतला गुणाकार पुरतो. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेले असते ते आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टला. ऊर्जा झाली ३७ वॉट-तास. फोनला ती ५ व्होल्टने मिळते, त्यामुळे आकडा ७,४०० वर येतो, आणि रूपांतरातली घट धरता साधारण ६,३०० ते ६,६०० उरतो. खोक्यावर बारीक अक्षरांत हाच आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून छापलेला असतो. खरेदी त्यावरून करावी. ५,००० एमएएचचा फोन यातून दोनदा नव्हे, दीडदा भरतो. इथवर फसवणूक नाही, फक्त मोठा आकडा मोठ्या टायपात आहे. पण तळहातावर मावणारी, २०० ग्रॅमची पॉवर बँक ५०,००० एमएएचची असल्याचे सांगितले, तर ते अशक्य आहे. तेवढी ऊर्जा साठवायला चांगल्या लिथियम सेलचेच वजन ७०० ग्रॅमच्या घरात जाते. अशा वेळी भाजीवाल्याचा तराजू खोक्यावरच्या छपाईपेक्षा जास्त सांगून जातो.

स्पीकरवर छापलेले ‘५००० वॉट पीएमपीओ’ हे असेच. ती कोणत्याही ठरलेल्या पद्धतीने मोजलेली राशी नाही. स्पीकरचा अडॅप्टर ९ व्होल्ट, १ अँपिअरचा असेल, तर आत ९ वॉटच येतात. त्याहून जास्त सलग बाहेर पडणार नाहीत. विजेच्या स्कूटरचा पल्ला प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगचक्रात मोजला जातो. पुण्याची एआरएआय ही संस्था असे प्रमाणीकरण करते. तो आकडा दोन मॉडेलांची तुलना करायला चांगला. मात्र दादरा आणि नगर हवेलीतल्या खानवेलहून दुधनीकडे चढाच्या रस्त्याने दोघे निघाले, तर बॅटरी बरीच आधी उतरेल. बॅटरीचे किलोवॉट-तास विचारावेत आणि किलोमीटरला ३० ते ४० वॉट-तास धरून भागावे : ३ किलोवॉट-तासांच्या स्कूटरकडून ७५ ते १०० किलोमीटरांची अपेक्षा रास्त आहे. जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द दिसला की तो कमाल आकडा आहे, नेहमीचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

फोनच्या मागे चिकटवायची किरणोत्सर्गरोधक चिप हा दावा आपल्याच तर्काने कोसळतो. ती लहरी खरोखर अडवत असती, तर फोन लागला नसता. आणि थोड्याफार अडवल्या, तर फोन टॉवरशी संपर्क टिकवायला अधिक जोर लावतो. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनला शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा आहे, किलोला १.६ वॉट, आणि ती २०१२ पासून लागू आहे. आपल्या फोनचा आकडा *#०७# दाबून पाहता येतो. ज्याला आणखी काळजी घ्यायची असेल त्याने इअरफोन वापरावा. त्याला चिपचे पैसे लागत नाहीत.

वैज्ञानिक बातम्यांत फसवणुकीपेक्षा घाई जास्त असते. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लायशमन आणि पॉन्स यांनी साध्या तापमानाला अणुसंमीलन घडवल्याचे पत्रकार परिषदेत जाहीर केले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अनेक गटांनी लगेच तो प्रयोग हाती घेतला, आणि काहींनी न्यूट्रॉन व ट्रिटियम दिसल्याचे कळवलेही. पण जगभरच्या प्रयोगशाळांना तो परिणाम भरवशाने पुन्हा घडवता आला नाही आणि दावा मावळला. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून एलके-९९ हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिसंवाहक असल्याची बातमी आली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तो बनवून पाहिला. अतिसंवाहकता आढळली नाही. विद्युतरोध एकदम घटलेला दिसत होता तो त्यात भेसळ म्हणून राहिलेल्या तांब्याच्या सल्फाइडमुळे, असे पुढच्या काही आठवड्यांत स्पष्ट झाले. दोन्ही प्रकरणांत चौकशी करणारे शास्त्रज्ञच होते, आणि प्रयोग पुन्हा करून पाहण्याची त्यांची सवय हाच विज्ञानाचा खरा भरवसा. वाचकाने एवढेच पाहावे, की बातमी पहिल्या घोषणेची आहे की दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेने दुजोरा दिल्यानंतरची. पहिल्या घोषणेवर पैसे लावू नयेत.

काही दाव्यांना मात्र वाट पाहण्याचीही गरज नसते. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या रामर पिल्लै यांनी पाला आणि पाणी यांपासून पेट्रोल बनवल्याचे जाहीर केले आणि देशभर खळबळ उडाली. शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली दावा टिकला नाही. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली. पाण्यावर चालणाऱ्या गाडीची चित्रफीत आजही दर वर्षी फिरते. पाणी हे जळून गेलेल्या हायड्रोजनचे उरलेले रूप आहे. त्याचे पुन्हा विघटन करायला निदान तेवढीच ऊर्जा लागते, जेवढी ते जाळून मिळेल. ही बाब संशोधनाने बदलणारी नाही.

औषध-आरोग्याच्या बातमीत प्रयोग कुणावर झाला ते आधी शोधावे : काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर. बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मारणारे पदार्थ असंख्य आहेत. साबणही त्यांत येतो. माणसांवरच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, २००९ पासून ती सक्तीची आहे, आणि कुणालाही ती इंटरनेटवर पाहता येते. टक्केवारीमागचा मूळ आकडाही विचारावा. ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ याचा अर्थ हजारातल्या दोघांऐवजी एकाला आजार झाला, एवढाच असू शकतो.

खोक्यावरच्या शिक्क्यांपैकी सगळे सारख्या वजनाचे नसतात. आयएसआय चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो. पॉवर बँक, अडॅप्टर, मोबाइल अशा वस्तूंवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. दोन्ही भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकून पडताळता येतात. क्रमांक नसलेले चिन्ह म्हणजे नुसते चित्र. फ्रिज-एसीवरच्या ताऱ्यांच्या लेबलवर मुदत छापलेली असते, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुने पाच तारे नव्या पाचांच्या बरोबरीचे नसतात. उलट आयएसओ ९००१ हे कंपनीच्या कामकाज-पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, वस्तूच्या गुणांचे नाही. सीई हे चिन्ह युरोपातल्या विक्रीसाठी बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच लावतो. पेटंट मिळाले याचा अर्थ कल्पना नवी आहे. कंपनीची जाहिरात खरी आहे असा नव्हे.

फसवणूक झालीच तर दाद मागण्याची व्यवस्था आता बरीच सोपी आहे. १९७० च्या दशकात पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या नामवंतालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तू मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवली असली, तरी तक्रार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे सिल्वाशातल्या रहिवाशाला तिथेच, करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. मात्र बिल हवे, दाव्याचा मजकूर छापलेले खोके हवे आणि ऑनलाइन जाहिरात असेल तर तिचे स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवायला हवेत, कारण तक्रार होताच जाहिरातीचे पान बदलले जाऊ शकते.